नव्वद टक्के वाढ

कऱ्हाटीचं आमचं डाळिंबाचं रान रस्ता रुंद करण्यात गेलं, तेव्हा माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, रडल्या नाहीत. जेसीबी बागेत शिरला तशा त्या घरी आल्या, चुलीपुढं बसल्या आणि अजितला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकाला आणि माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणाल्या, "रान गेलं, त्याच्या जागी रानच यायला पायजे. त्या पैशातलं एक लुगडंबी नगं मला."

मोबदला त्यांच्या खात्यावर जमा झाला. बाकीची जमीन भावकीच्या वाटण्यांत आधीच गेलेली, त्यामुळं आता आमच्या नावावर मातीचं ढेकूळही उरलं नव्हतं. तसे आम्ही उपाशी मरणार नव्हतो. बारामतीत मार्केट यार्डाजवळ अजितचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे, मीही दुपारून तिथं बसते, आणि दुकान बरं चालतं. पण सासूबाईंच्या लेखी दुकान म्हणजे सावली, आज इथं तर उद्या तिथं. त्यांनी महिनाभर नात्यागोत्यात चौकशी लावली आणि इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या शिवारात, तीन एकर हुडकून काढलं. मालक हिंदुराव. सासूबाई विहिरीत डोकावल्या, चारी बांधांवरून फिरल्या आणि तिथंच उभ्या उभ्या विसार देऊन मोकळ्या झाल्या.

आमच्याकडं विसार घेतला की जमीन शब्दानं तुमची. पण कागदानं व्हायला वेळ होता, कारण सातबाऱ्यावर हिंदुरावांच्या मेलेल्या वडिलांचं नाव होतं आणि वारसांची नोंद व्हायची होती. खरेदीखत दिवाळीनंतरच्या सोमवारी ठरलं. त्या दिवशी पूर्ण पैसे आले नाहीत तर विसार बुडाला आणि जमीन दुसऱ्याला, असं पावतीवर स्वच्छ लिहिलेलं. त्यात गैर काहीच नव्हतं. पैसे तर बँकेत तयारच होते.

नेमकं हेच अजितला बघवेना. सहा महिने पैसा झोपून राहणार म्हणाला. झोपू दे की बाबा, पैसा झोपला म्हणून कुणाचं पोट दुखत नाही. पण आधी बुद्धी जाते आणि मग लक्ष्मी, हे काही उगाच म्हणत नाहीत. त्याच सुमारास एका मंगल कार्यालयात कुणा सरांचं शेअर बाजाराचं शिबिर झालं. अजित दोन दिवस जाऊन बसला आणि परत आला तो भागाकार शिकूनच.

तो भागाकार त्यानं मला शंभरदा समजावला असेल. शेअरचा भाव घ्यायचा, त्याला कंपनीच्या एका शेअरमागच्या वर्षाच्या कमाईनं भागायचं. आलेल्या आकड्याला पुन्हा कमाईच्या वाढीच्या टक्क्यानं भागायचं. उत्तर एकाच्या आत आलं की शेअर स्वस्त, एकाच्या वर गेलं की महाग.

"नुसता भाव बघू न्हाय," तो म्हणायचा. "बाजारात दोन कालवडी हायत. एक दुसरीच्या दुप्पट किमतीची. पण ती झपाट्यानं वाढतीय आन दुसरी जागची हलत न्हाय. मग स्वस्त कंची?"

"वाढणारी," मी म्हणायचे. म्हणायला माझं काय जातंय.

त्यानं निवडलेली कालवड म्हणजे जलवर्धिनी. जिच्या नळ्या आणि ड्रीपर आम्ही विकतो तीच कंपनी. मे महिन्यात तिचा वर्षाचा निकाल लागला आणि कमाई एका वर्षात नव्वद टक्क्यांनी वाढलेली निघाली. भाव कमाईच्या पंचेचाळीस पट होता. पंचेचाळीस भागिले नव्वद, उत्तर अर्धा. अजित हरखून गेला. "दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते आपल्याला कसं कळावं?" तो म्हणाला. "पर ही तर आपल्याच चुलीवरची भाजी हाय. रोज माल इकतोय आपण."

आईला त्यानं सांगितलं, की पैसा सहा महिने चांगल्या जागी ठेवतो, दिवाळीला काढतो. लेक सांगतोय म्हटल्यावर त्यांनी सही केली. मला कळलं तेव्हा सगळाच्या सगळा मोबदला जलवर्धिनीत गेलेला होता. मी भांडले, चांगली दोन दिवस भांडले. पण नेमका तेव्हाच भाव चढत होता, आणि चढत्या भावापुढं बायकोचं कोण ऐकतो.

पोळ्यानंतर भाव उतरायला लागला. मी म्हटलं, काढा. तो म्हणाला, "उलट आता अजून स्वस्त झालाय. भाव उतरला, वाढ तीच हाय, म्हंजी भागाकार अजून खाली." दर आठवड्याला भाव उतरायचा आणि दर आठवड्याला हा माणूस कॅल्क्युलेटरवर तोच भागाकार करून मला उत्तर दाखवायचा. उत्तर दर वेळी आधीपेक्षा गोड यायचं. दसऱ्याला निम्म्याहून थोडा कमी असा भाव राहिला, तरी हा म्हणतो, निकाल येऊ दे, मग बघ. खरेदीखताच्या आधीच्या बुधवारी तिमाहीचा निकाल येणार होता. गुरुवारी विकू, शुक्रवारी पैसे येतील, सोमवारी इंदापूर. कमी पडतील ते माझ्या दागिन्यांतून आणि दुकानातून उभे करू, असं आमचं ठरलं. मी बांगड्या आणि गंठण काढून पुरचुंडीही बांधून ठेवली होती.

बुधवारी संध्याकाळी निकाल आला. कमाई वाढली तर नव्हतीच. गेल्या वर्षीच्या पावपटीवर आली होती.

गुरुवारी सकाळी बाजार उघडायच्या आत आम्ही दुकानात होतो. अजितनं विकायची ऑर्डर लावली. बाजार उघडला आणि भाव एका दमात दहा टक्के खाली जाऊन थांबला. दिवसात त्याच्याखाली जायला मनाई असते, त्याला खालचं सर्किट म्हणतात. मला वाटलं, थांबला म्हणजे बरं झालं. पण तसं नसतं. विकणारे लाखांनी रांगेत उभे आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. विकायचं म्हटलं तरी विकलं जात नाही. माझ्या जन्मात मी असा बाजार पाहिला नव्हता. यार्डात कांदा मातीमोल होतो, पण मातीमोल का होईना, कुणीतरी उचलतो.

अजितनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, दीर्घ मुदतीचा विचार करा. हा म्हणाला, "सर, माझी मुदत सोमवारपातूर हाय." तिकडून फोन ठेवला गेला. मग त्यानं सवयीनं कॅल्क्युलेटर ओढला, भाव टाकला, कमाईनं भागलं आणि पुढं बोट अडखळलं. वाढ आता उणे होती. उणे वाढीनं भागून जे उत्तर येतं ते स्वस्त की महाग, हे शिबिरात सांगितलंच नव्हतं. तो त्या आकड्याकडं बघत बसला. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी तो कॅल्क्युलेटर त्याच्या डोक्यात घालावासाही वाटला.

शुक्रवारी पुन्हा तेच. पुन्हा दहा टक्के खाली, पुन्हा घेणारा कुणी नाही. दुपारी जलवर्धिनीचा विभागाचा साहेब आला. अविराज त्याचं नाव, पोरगेलासा, कायम घाईत. गाडी चालूच ठेवून आत आला.

"अजितराव, दोन ट्रक माल पाठवतोय. उतरवून घ्या."

"साहेब, मार्चचाच माल पडून हाय. गोडाऊन छताला टेकलंय."

"सगळ्यांचंच टेकलंय. पण यंदा डीलरांनी नवीन माल उचलला नाही म्हणून तर निकाल असा आला. आता सगळ्यांनी दोन-दोन ट्रक उचलले की पुढची तिमाही सावरते. शेअरही वर येईल. तुमच्याकडे आहेत ना थोडे?"

अजितचा चेहरा मी लग्नापासून पाहत आले आहे, पण असा कधी पाहिला नव्हता. साहेबाला बाहेर थांबायला सांगून तो मागच्या गोडाऊनकडं गेला, मीही मागोमाग गेले. कुलूप काढलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या नळ्यांची वेटोळी जमिनीपासून पत्र्यापर्यंत रचलेली, प्रत्येकावर जलवर्धिनीची चिठ्ठी, मार्च महिन्याची. मार्चअखेर कंपनीनं योजना काढली होती, जेवढा माल जास्त उचलाल तेवढा डीलर पुढं, आणि पहिल्या पन्नास डीलरांना थायलंडची सहल. आमच्या भागात कुणी मागं राहायचं नाही. इंदापूरच्या शंभूराजनं एक शेड भाड्यानं घेऊन भरलं, म्हणून यानं त्याच्यावर ताण केली. हा थायलंडला जाऊन हत्तीवर बसूनही आला. तो फोटो दुकानात गणपतीशेजारी लावला आहे.

"आपून उचलला की कंपनीचं बिल फाटतं," अजित हळू आवाजात बोलायला लागला. "बिल फाटलं की तिची इक्री झाली. शेतकऱ्यानं घेवो न घेवो."

मलाही आता दिसत होतं, आणि ऐकायचं नव्हतं.

"अनिता, ती नव्वद टक्के वाढ..." त्यानं एका वेटोळ्यावर हात ठेवला. "ती हीच. ती हितं पडलीय. मी रोज कुलूप काढून तिच्याकडं बघत हुतो आन भागाकार करत हुतो."

तो तिथंच खाली बसला. मला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं, पण मी उभी राहिले, कारण मी बसले असते तर दोघंही उठलो नसतो. जो माल विकला गेलाच नाही, तो याच्याच गोडाऊनमध्ये, याच्याच पैशानं उचललेला, आणि त्यालाच कंपनीची वाढ समजून यानं आईचं रान त्यात घातलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं आंधळ्यानं कुत्र्याला ताटही वाढून दिलं होतं.

थोड्या वेळानं तो उठला आणि बाहेर जाऊन साहेबाला म्हणाला, "पाठवा ट्रक."

मला आधी कळलंच नाही.

"दोन न्हाय, चार पाठवा," तो म्हणाला. "शंभूराजला मी सांगतो. समद्यांना सांगतो. समद्यांनी उचलला तर वर येईल ना?"

"येणार ना," साहेब खूश होऊन म्हणाला.

"कुठं ठेवणार?" मी विचारलं.

"घरात ठेवू. पडवीत ठेवू. आईच्या खोलीत ठेवू."

"पुढचा निकाल फेब्रुवारीत हाय. खरेदीखत सोमवारी हाय," मी म्हटलं.

तो साहेबाकडं वळून म्हणाला, "फेब्रुवारीच्या आदी न्हाय व्हणार काय?" असं त्यानं इतक्या गरिबीनं विचारलं, की तो अविराजसुद्धा खाली बघायला लागला. मी त्याला म्हटलं, साहेब, तुम्ही निघा आता. तो निघाला. ट्रक काही आले नाहीत.

शनिवारी आम्ही दागिने घेऊन बारामतीत सराफाकडं गेलो. दुकानाच्या खात्यातलं, दागिन्यांचं, माझ्या भावानं दिलेलं, सगळं मिळून जे जमलं त्यात तीनपैकी जेमतेम एक एकर आलं असतं. रविवारी अजित आईला सांगायला म्हणून त्यांच्या खोलीत गेला आणि पाणी पिऊन बाहेर आला. मग पुन्हा गेला. या खेपेला त्यांनीच त्याला विचारलं, की हिंदुरावांच्या घरच्यांना पेढे बारामतीतनं न्यायचे का तिथंच इंदापुरात घ्यायचे. तो म्हणाला, तिथंच घेऊ. मी सांगते म्हटलं तर मला हात जोडले. म्हणाला, उद्या सकाळी बाजार उघडल्यावर सर्किट सुटेल, घेणारा येईल, असं एकजण सांगतोय. कोण सांगतोय ते काही त्यानं सांगितलं नाही.

सोमवारी आम्ही जीपनं इंदापूरला निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, आधार कार्ड आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत मांडीवर धरून. मी मागं. वाटेत बाजार उघडायची वेळ झाली, तशी अजितनं जीप उसाच्या एका फडाशेजारी थांबवली आणि मोबाइल बघायला खाली उतरला. मी काचेतून त्याच्याकडं बघत होते. तो पाठमोरा होता. बराच वेळ तसाच उभा राहिला, मग मोबाइल खिशात टाकून येऊन बसला आणि गाडी चालू केली.

इंदापुरात निबंधक कार्यालयाबाहेर हिंदुराव आधीच आलेले होते, दोन भाऊ आणि बहीण घेऊन. थोडं लांब, एका कारजवळ, अकलूजकडचा वाटणारा एक माणूस आणि त्याची बायको उभी होती. हिंदुरावांना आमची कुणकुण लागलेली असावी, बारामतीत काही लपून राहत नाही. सासूबाई उतरून त्यांना नमस्कार करायला निघाल्या, तेव्हा अजितनं त्यांचा हात धरला आणि तिथंच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगितलं. भरभर सांगितलं, खाली मान घालून, शाळेतली कविता म्हणावी तसं.

त्यांना अर्धं कळलं नाही.

"मग इकून टाक की."

"इकायला लावलंय आई. घेणाराच न्हाय."

"कमी घे."

"कमी भावालाबी न्हाय."

मला वाटलं होतं त्या ओरडतील, आणि मी देवाला म्हणत होते, ओरडू दे त्यांना, मोकळ्या तरी होतील. त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली आणि त्या हिंदुरावांकडं गेल्या.

"भाऊ, दोन महिने द्या."

हिंदुराव वाईट माणूस नव्हते. "वैनी, माझ्या बहिणीच्या पोरीचं लग्न धरलंय," ते म्हणाले. "आमचीबी माणसं थांबलीत. ह्ये पावणे आजच समदं देत्यात."

"मग एक एकर द्या. तेवढं हाय आमच्यापाशी. विहिरीकडचं नसलं तरी चालंल. वरचं द्या, मुरमाचं."

हिंदुराव कारजवळच्या माणसाकडं जाऊन बोलले आणि परत आले. त्याला तीनच्या तीन एकर हवं होतं, सलग. सासूबाई म्हणाल्या, मी त्यांच्या बायकोशी बोलू का. हिंदुराव नको म्हणाले. मग सासूबाईंनी अर्धा एकर मागितला. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी शेजारणीकडं विरजणही मागितलं नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि अजित तर जीपच्या बॉनेटला धरून उभा होता.

हिंदुरावांनी खिशातून नोटांची जुडी काढली. आमचा विसार होता तो. पावतीप्रमाणं तो बुडाला होता, त्यांनी एक रुपया परत द्यायची गरज नव्हती, आणि दुसरा कुणी असता तर दिलाही नसता.

"वैनी, तुमचा विसार. मला नगं त्यो. तुमची काय चूक न्हाय."

सासूबाईंनी झटकन दोन्ही हात मागं नेले.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "राहू द्या तुमच्यापाशी."

"अवो, मी परत देतोय."

"म्हणूनच म्हंते, राहू द्या. त्यो तुमच्याकडं हाय तवर रान माझं हाय."

हिंदुरावांनी जुडी पुढं केली की सासूबाई एक पाऊल मागं सरत होत्या, हात पाठीमागं घट्ट धरून. आत कारकुनानं पाहुण्यांचं नाव पुकारलं. हिंदुरावांचे भाऊ आणि बहीण उठून आत गेली. लोक बघायला लागले. सासूबाई मागं सरत सरत जीपला टेकल्या, तेव्हा मागं जायला जागा उरली नाही.

"घ्या वैनी," हिंदुराव रडकुंडीला येऊन म्हणाले, "मला आत सही करायची हाय."

त्यांनी तोंड फिरवलं. मग हिंदुरावांनी ती जुडी अजितच्या हातात दिली.

आणि अजितनं ती घेतली. घेतल्याबरोबर सासूबाईंनी मागं बांधलेले हात सोडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सगळ्या इंदापुरासमोर, त्या रस्त्यावर खाली बसून मोठ्यानं रडल्या.